मामांनी आणलेला दाखला

माझ्या मामांची सगळीकडे ओळख आहे. निदान त्यांचं तसं म्हणणं आहे. नागपूरच्या लकडगंजात त्यांचं प्लायवूडचं दुकान आहे आणि त्या दुकानात माल कमी, ओळखी जास्त. कुणाचं रेल्वेचं तिकीट पक्कं होत नसलं, कुणाच्या पोराला कॉलेजात जागा मिळत नसली, की मामा खिशातून फोन काढतात आणि म्हणतात, "थांब, आपला माणूस आहे तिथं." हा आपला माणूस बहुतेक वेळा फोन उचलत नाही. उचललाच तर त्याची गडचिरोलीला बदली झालेली असते. मामांचा विश्वास मात्र कधी ढळलेला मी पाहिला नाही.

बाबांच्या मृत्यूचा दाखला मामांनी असाच आणला. ओळखीनं, घटकाभरात, घरातल्या कुणाला उंबरा ओलांडावा न लागता. तेराव्याला आलेली माणसं बुंदी खाता खाता मामांचं कौतुक करत होती. या एका कामात मामांची ओळख खरोखर चालली आणि पुढची कितीतरी वर्षं मी ती निस्तरत बसले.

बाबा बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मेंटेनन्सला होते. ड्यूटी संपवून गाडीवर घरी येत असताना वळणावर एका ट्रकनं त्यांना उडवलं. ट्रकवाल्यानं ना हॉर्न दिला ना आरशात पाहिलं. खुबा मोडला, मांडीच्या हाडाचे तुकडे झाले. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली. अपघाताच्या आधीच्याच रविवारी या माणसानं गच्चीवरचा लोखंडी कूलर एकट्यानं जिन्यातून खाली आणला होता. मी ओरडले होते, तर म्हणाले होते, "तू बाजूले हो, मधात नको येऊ." हे सांगते आहे, कारण पुढे याच माणसाबद्दल काय लिहिलं गेलं ते कळावं.

दवाखान्यात त्यांना मोठ्या वॉर्डात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच वयाचा, अपघातातलाच एक माणूस होता. दोघांची गट्टी जमली होती. एका सकाळी ती खाट रिकामी होती. त्यानंतर काही दिवस बाबा नीट बोलले नाहीत. मला वाटलं, दुखत असेल.

घरी आणल्यावर गिरणीतल्या एका सहकाऱ्यानं वकील आणून दिला. ट्रकमालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा टाकायचा ठरलं. बाबांनी खाटेवर उशीला टेकून अर्जावर सही केली आणि म्हणाले, "मले पैसे नाही पायजे, त्या ड्रायवरनं एकदा येऊन पाहून तरी जावं." तो काही आला नाही. आलाच असता तर बाबांनी त्याला चहा पाजला असता आणि आईनं कप फेकून मारला असता.

जखम बरी होईना. पू झाला, पुन्हा टाके काढले, पुन्हा घातले. पाठीला फोड आले. आई रोज सकाळी पाणी उकळून, हात धुऊन त्यांची पट्टी बदलायची आणि त्या वेळी कुणालाही खोलीत येऊ द्यायची नाही. मलाही नाही. मग एक दिवस त्यांना अचानक धाप लागली. परत दवाखाना. डॉक्टरांनी सांगितलं की फार आशा नाही, मशीनवर ठेवायचं का ते तुम्ही ठरवा. आई एकच वाक्य बोलली, "घरी न्या त्याईले." आपल्या मर्जीनं नेत आहोत अशा कागदावर तिनं सही केली आणि आम्ही बाबांना आमच्या ले-आउटमधल्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आईच्या हातून दोन चमचे पाणी पिऊन ते गेले.

माणसानं आपल्या घरात, आपल्या माणसाच्या हातचं पाणी पिऊन जावं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. त्यात मला काही चूक दिसत नाही. पुढे जे झालं त्यानं मात्र डोक्यात अजून तिडीक जाते. मी फोन करण्यात गुंतले होते. अंगणात माणसं जमली होती आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की ही अपघाताची केस आहे, पोलीस येतील, सरकारी दवाखान्यात नेतील, चिरफाड होईल, संध्याकाळपर्यंत बॉडी मिळायची नाही. थोड्या वेळानं मामा दिसेनासे झाले आणि परतले ते हातात कागद घेऊनच. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे एक म्हातारे डॉक्टर मामांचे शाळासोबती होते. "झालं काम," मामा म्हणाले, "कोणाले कुठं जाची गरज नाही." लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाराच्या आत बाबांना घाटावर नेलं.

तो कागद मी नीट वाचला तो चार दिवसांनी. मृत्यूचं कारण लिहिलं होतं: वार्धक्यामुळे हृदयक्रिया बंद पडली.

वार्धक्य! बाबांची साठीही उलटली नव्हती. रिटायर व्हायचे होते अजून. मी तो कागद घेऊन आईकडे गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं तो माझ्या हातातून घेतला, पालथा करून देवघराच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "म्हातारे होते का वं ते?" एवढंच. मग ती तांदूळ निवडायला बसली.

वकिलानं तो दाखला वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कोणी आणलं?"

"मामांनी."

"मामा आपल्या बाजूचे आहेत ना, ताई?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाबांनी टाकलेला दावा त्यांच्या जाण्यानं संपत नाही. आई आणि मी, वारस म्हणून, आमची नावं लावून तो पुढे चालवू शकतो. पण जखमेची भरपाई निराळी आणि मृत्यूची निराळी. बाबा त्या अपघातातल्या जखमांमुळेच गेले हे दाखवता आलं, तरच मृत्यूचा दावा टिकेल. नाहीतर दवाखान्याची बिलं, औषधं, फार तर थोडं इकडचं-तिकडचं, आणि ट्रकवाला मोकळा. "पोस्टमॉर्टम असतं तर एका पानात काम झालं असतं," ते म्हणाले. "आता पोस्टमॉर्टम नाही आणि आपल्याच घरच्या माणसानं आणलेला कागद म्हणतो की माणूस म्हातारपणानं गेला. समोरचा वकील हा कागद फ्रेम करून लावेल."

घरी येऊन मी मामांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "अवं, डॉक्टरच्या हातानं लिहिल्या गेलं, त्याले काय मालूम केसबिसचं." मी म्हटलं, त्याला माहीत नव्हतं, तुम्हाला तर होतं! मामांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. एरवी हा माणूस टपाल आणणाऱ्यालाही अर्धा तास आपली बाजू पटवून देतो.

मग सुरू झाल्या पेश्या. नागपुरात तारखेला पेशी म्हणतात आणि पेशीला हजर राहणं हे एक वेगळंच आयुष्य असतं. मी शाळेत शिकवते. पेशी आली की अर्ध्या दिवसाची रजा. मुख्याध्यापिकाबाई चष्म्यावरून पाहायच्या आणि म्हणायच्या, "परत कोर्ट?" मी काही हौसेनं फिरायला जात होते असा त्यांचा सूर. सिव्हिल लाइन्सला ऊन डोक्यावर घेत पोचायचं, तर जजसाहेब रजेवर. साहेब हजर, तर कंपनीचे वकील दुसऱ्या कोर्टात. दोघेही हजर, तर फाइल सापडत नाही. फाइल सापडली त्या दिवशी वकिलांचं कामबंद आंदोलन. आमच्या वकिलांचा मुन्शी व्हरांड्यात प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसलेला असायचा आणि मला पाहून मान न उचलता म्हणायचा, "ताई, पुढची पेशी लिहून घ्या." त्याच्या हातातला खर्रा घेऊन त्याच्याच डोक्यावर ओतावा असं मला कितीदा वाटलं.

विमा कंपनीचे वकील मात्र फार सभ्य होते, आणि त्याचाच जास्त राग यायचा. हळू बोलायचे, आईला "माताजी" म्हणायचे. "माताजी, यांना आधी बीपी होतं का? शुगर? तंबाखू खायचे?" नागपुरात गिरणीत आयुष्य काढलेला माणूस आणि तंबाखू खात नव्हता, असं म्हटलं तर कोर्टच हसेल. आईनं खरं ते सांगितलं. मग त्यांनी दाखला पुढे केला. "हा कोणी आणला?" आई म्हणाली, "माह्या भावानं." "म्हणजे घरच्याच माणसानं." "हो." वकिलांनी साहेबांकडे असं पाहिलं की झालं, आता मी बसतो. आणि बसलेच.

पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची साक्ष झाली. ते म्हणाले की इतके दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती छातीत जाऊ शकते आणि माणूस दगावतो. मला वाटलं, आता तरी सुटलो. कंपनीचे वकील उठले. "होऊ शकते. पण झालीच, असं खात्रीनं सांगाल?" सर्जन म्हणाले, "पोस्टमॉर्टम झालं असतं तर सांगितलं असतं." मी कपाळाला हात लावून बसले.

दाखला देणाऱ्या डॉक्टरांना बोलवावं म्हटलं, तर ते मधल्या काळात स्वतःच वारले होते. त्यांच्या दाखल्यावर कुणी काय लिहिलं देव जाणे.

आता एकच माणूस उरला, मामा. आमच्या वकिलांचं म्हणणं होतं की मामांनी साक्षीच्या कठड्यात उभं राहून सांगावं, डॉक्टरांनी बाबांना तपासलंच नव्हतं, पोलीस आणि चिरफाड टाळायला नैसर्गिक मृत्यू लिहून घेतला होता. म्हणजे त्या कागदाचं वजन जाईल आणि सर्जनच्या बोलण्याला येईल. मी घरी येऊन हे सांगितलं तर आईनं ताट बाजूला सारलं.

"भावाले कोर्टात उभा करशील तू?"

"मंग काय करू? त्यायनंच तर केलं सारं!"

"केस सोडून दे."

मला ऐकून धक्काच बसला. "सोडून दे? इतकी वर्षं मी काय उन्हात पापड वाळवाले जाऊन राहिली होती का?"

"सोडून दे म्हटलं ना वं. मले काही नाही पायजे."

"बाबा म्हातारपणानं गेले असं लिहिलेलं राहू देऊ?"

तिनं सारलेलं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. त्या आठवड्यात ती धड जेवलीही नाही. मला वाटलं, भावाची इतकी काळजी आहे. दर भाऊबीजेला ओवाळायचं असतं, त्याला वकिलांच्या तोंडी कसं द्यायचं, हेच तिला खुपत असेल. मला तर त्या दोघांचाही उबग आला होता. एकानं घोळ घातला आणि दुसरी तो पदराखाली झाकते आहे, आणि माझे बाबा मात्र कागदावर जख्ख म्हातारे होऊन बसलेत.

मी आईला न सांगता लकडगंजला गेले. मामा गादीवर बसून फोनवर कुणाला तरी कुणाची तरी ओळख देत होते. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. मी वाद घालायच्या पूर्ण तयारीनं गेले होते, पण ते लगेच म्हणाले, "येतो ना. त्यात काय?" मग जरा पुढे वाकून, "तसं त्या जजसाहेबाचा एक मेव्हणा आहे, आपला माणूस आहे तो..."

"मामा, कोर्टात मेव्हण्याचं नाव जरी काढलं ना, तर मी तुमाले तिथंच सोडून येईन."

"नाही काढत बाप्पा," मामा म्हणाले.

साक्षीच्या दिवशी मामा पांढरा स्टार्चचा कुर्ता घालून आले. आई येणार नाही म्हणाली होती, पण सकाळी मी चपला घालताना पाहते तर तीही पिशवी घेऊन दारात उभी. कोर्टाची खोली लहान, वर पंखा कुरकुरत होता, मागच्या बाकांवर दुसऱ्या केसची माणसं दाटीवाटीनं बसली होती. आम्हीही त्यांच्यात बसलो.

मामांनी शपथ घेतली. आमच्या वकिलांनी विचारलं, त्यांनी सांगितलं. डॉक्टर घरी आले नव्हते. त्यांनी पेशंटला पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो आणि लिहून आणलं. इथवर सगळं नीट चाललं होतं. मग कंपनीचे वकील उठले. आज त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता.

"म्हणजे तुम्ही डॉक्टरांना खोटा दाखला लिहायला लावला."

"हो."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही. मीच. माह्याच डोक्यानं."

"घरच्या कोणाला माहीत होतं?"

"कोणाले नाही. माह्या बहिणीले तर काहीच माहीत नव्हतं."

"हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

मामांनी कठड्याची दांडी धरली. कपाळावर घाम होता. "असन," ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. "खोटं बोलून राहिला तो, साहेब."

आई उभी राहिली होती. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला. सगळ्या खोलीनं माना वळवल्या. साहेब म्हणाले, "माताजी, तुम्ही खाली बसा." आई बसली नाही. "त्याले कोणी सांगतलं ते मले विचारा. मीच सांगतलं. पाय धरले मी त्याचे."

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. आमच्या वकिलांना मी पहिल्यांदाच इतकं चपळ पाहिलं; त्यांनी ताबडतोब आईची पुन्हा साक्ष घेण्याची परवानगी मागितली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि परवानगी दिली. मामा कठड्यातून खाली उतरले. आईजवळून जाताना पुटपुटले, "काहून वं, येडे?" ती त्यांच्याकडे न पाहता वर चढली.

कंपनीचे वकील म्हणाले, "मागच्या साक्षीत तुम्ही सांगितलं होतं की दाखला भावानं आणला. मग तेव्हा खोटं बोललात?"

"तेव्हा तुम्ही विचारलं, कोणी आणला. मी सांगतलं, भावानं. काहून आणला हे तुम्ही विचारलंच नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकील तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना राहवलं नाही. "पोस्टमॉर्टमची एवढी भीती कसली होती, माताजी? काय लपवायचं होतं?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं. वॉर्डातला शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला, तेव्हा त्याची बायको आणि म्हातारा बाप दिवसभर शवागाराच्या दारात बसून होते. बाबांच्या खाटेजवळच्या खिडकीतून ते दार दिसायचं. बाबा ते पाहत होते. संध्याकाळी त्यांनी आईचा हात धरला आणि कबूल करून घेतलं की काही झालं तरी मले तिकडं नेऊ नका. लेकीले सांगू नका, ती भांडन. आई म्हणाली, "मी शब्द देला होता, साहेब. दावा काय, कागद काय, मले त्या दिवशी काही सुचलं नाही. मी दादाले म्हटलं, कसं पण कर, पण ह्याईले फाडू देऊ नको."

मग ती कंपनीच्या वकिलांकडे वळली. "अन् लपवाचं काय होतं? पाहाले आले असते तर पाय दाखवला असता तुमाले. रोज पट्टी मी करे. हाड दिसे त्यात. म्हाताऱ्या माणसाचा पाय नव्हता तो. तुमच्या ट्रकखाली आलेला पाय होता."

"ट्रक माझा नाही, माताजी," वकील म्हणाले.

"मंग ज्याचा आहे त्यानं यावं ना कधी!"

साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा. माझ्या पतीच्या इच्छेनुसार शवविच्छेदन टाळण्यासाठी मी माझ्या भावास दाखला आणण्यास सांगितले." खटखट आवाज झाला आणि संपलं. आईनं इतकी वर्षं गिळून ठेवलेलं एका ओळीत बसलं. मला त्या टायपिस्टचाही राग आला. खरं तर त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला होता. मला न सांगण्याचं वचन घेणाऱ्या बाबांचा सगळ्यात जास्त, आणि त्यांच्याशी आता भांडताही येत नव्हतं.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली चहाची टपरी आहे. आई बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. बाबा गेल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि ती जरा शांत झाल्यावर मामांकडे गेले. ते चहा फुंकत उभे होते.

"मामा, इतकी वर्षं मी तुमाले काय काय बोलली. तुम्ही एकदा सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी तुमच्यावर इतकी चिडली नसती."

"मंग आईवर चिडली असती." मामांनी चहाचा घोट घेतला. "तुले कोणावर तरी चिडाचंच होतं वं. ती तर तुह्यासोबतच राहते. सकाळ-संध्याकाळ तुहं ऐकून ती कुठं गेली असती? माह्यं काय, मी फोन ठेवून देतो."

जगातल्या सगळ्या फालतू गोष्टींची फुशारकी मारणारा हा माणूस, आणि एवढी एक गोष्ट त्यानं कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. मी म्हटलं, "आज शपथ घेऊन खोटं बोलले तुम्ही. जेलात गेले असते तर?"

"जेलर आपला माणूस आहे," मामा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर डोळे भरलेले होते.

निकाल लागायला आणखी बऱ्याच पेश्या गेल्या. मधे साहेबांची बदली होते की काय, असंही एकदा झालं. मुन्शीचा खर्रा चालूच होता. अखेर निकालाची प्रत हातात आली ती घेऊन मी घरी गेले आणि आईला हवी ती ओळ शोधली. सर्जनची साक्ष, दवाखान्याचे कागद आणि अर्जदाराचा खुलासा पाहता, मृत्यू अपघातातील जखमांमुळेच झाला असे हे न्यायाधिकरण मानते. दाखल्यावरील कारण ग्राह्य धरता येत नाही.

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. कंपनी अपिलात जाणार हे वकिलांनी सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. तिनं उठून फळीवरचा तो पालथा दाखला काढला, माझ्या फाइलीत ठेवला आणि म्हणाली, "दादाले फोन लाव."

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. मी मामांना ती ओळ वाचून दाखवली. पलीकडे लाकूड कापणाऱ्या आरा-मशीनचा आवाज येत होता. मग मामा खाकरले आणि दुकानातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? अवं, जजसाहेबाचा मेव्हणा आपला माणूस आहे!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी फोनवरच त्यांची सालटी काढली असती.

"हो मामा," मी म्हटलं, "तुमच्याच ओळखीनं झालं."